एवढ्यात उठलात?

अरुणा लिमयेच्या घरून उपाशी परत आलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. सिंगापूरच्या मरीन परेड भागात आम्ही एकाच ब्लॉकमध्ये राहायचो, ती नवव्या मजल्यावर आणि मी चौथ्या. एअरकॉन दुरुस्त करायला आलेल्या मिस्त्रीलाही तिने एकदा थालीपीठ खायला बसवलं होतं. तो बिचारा नो नो म्हणत होता आणि ही दुसरं तव्यावर टाकत होती. मला या आग्रहाचा मनापासून वैताग यायचा. मी ऑडिट करणारी बाई, नको म्हणजे नको. पण अरुणाच्या माहेरची रीत वेगळी होती. पाहुणा पहिल्यांदा नको म्हणतो ते रीत म्हणून, दुसऱ्यांदा ताटावर आडवा हात धरतो तो संकोचाने, आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर जे म्हणेल ते खरं. म्हणून तीनदा विचारायचंच. तिचे वडील, पद्माकर दातार, नाशिकला पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे दर रविवारी पत्त्यांचा अड्डा बसायचा आणि उठायला निघालेल्या माणसाला ते तीनदा 'बसा' म्हणायचे. तीनदा ऐकूनही जो उठून गेला तो रागावून गेला असं समजायचे, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी चौकशीला जायचे.

ही रीत मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं हिच्यापायी झालं.

अरुणा पुण्याला शाळेत गणित शिकवायची. नवरा रवींद्र बँकेत, त्याच्या नोकरीमागे ती सिंगापूरला आली आणि घरात बसली. मग बँकेने रवींद्रचा अख्खा विभाग दुसऱ्या देशात हलवला आणि त्याची नोकरी गेली. इथे नोकरी गेली की राहण्याचा पास जातो, आणि पास गेला की शाळा, घर, सगळं गुंडाळून विमानात बसायचं. त्यांची मुलगी इरा तेव्हा सेक थ्रीमध्ये, म्हणजे आपल्या नववीत होती, पुढच्या वर्षाअखेरीस तिची ओ लेव्हलची, आपल्या दहावीसारखी, परीक्षा. इरा पाच वर्षांची असल्यापासून इथे शिकलेली, मराठी कळतं पण उत्तर इंग्रजीत. तिला परीक्षेच्या तोंडावर उचलून पुण्यात नेऊन टाकायचं म्हणजे पोरीच्या दोन वर्षांवर पाणी. रवींद्रने चाळीस ठिकाणी अर्ज टाकले. नोकरी लागली ती अरुणाला, तोआ पायोहच्या एका ऑफिसात, आणि तिच्या पासवर नवरा आणि मुलगी राहिली.

ऑफिस कसलं, तर परदेशातून चालणाऱ्या जुगाराच्या साइट्सना निरनिराळ्या भाषा पुरवणारं. तिच्या वाट्याला आलेली साइट ब्लॅकजॅकची होती आणि त्यांना हिंदी-मराठी आवृत्ती हवी होती. तेव्हा सिंगापूरमध्ये अशा कामाविरुद्ध स्वतंत्र कायदा अजून आला नव्हता, नुसती कुजबूज होती. मी तोंडावर सांगितलं की हे काम मला पसंत नाही. अरुणा म्हणाली, मलाही नाही, पण इराची परीक्षा होईपर्यंत मला पसंत-नापसंत परवडत नाही. तिचं बरोबर होतं, आणि समोरच्याचं बरोबर असलं की मला राग येतो.

खेळ तसा सोपा. पानांची बेरीज एकवीसच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्यायची. वर गेलात तर मेलात. वाटणाऱ्यापेक्षा जास्त भरलात तर जिंकलात. अडचण अशी होती की मराठी माणसं साइटवर यायची, दोन डाव खेळायची आणि पुन्हा फिरकायची नाहीत. ती टिकली पाहिजेत, हे अरुणाचं काम. तिच्या वरची बाई, वेंडी, हुशार आणि सरळ होती. तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की सप्टेंबरअखेर आकडे वर गेले तर पासचं नूतनीकरण, नाही गेले तर मराठी बंद.

अरुणाने मग शिक्षकी डोकं चालवलं. या खेळात आपली बेरीज किती आणि वाटणाऱ्याचं उघडं पान कोणतं एवढं पाहून काय करावं हे गणिताने ठरलेलं असतं. बारा आहेत आणि समोर चौका, तर थांबायचं. सोळा आहेत आणि समोर दश्शी, तर पान घ्यायचं. आठाची जोडी आली तर फोडून दोन हात करायचे. हा सगळा तक्ता तिने पाढ्यासारखा पाठ केला आणि वेंडीला म्हणाली की हा आपण खेळणाऱ्याला उघडपणे सांगू या, मराठीत, घरातल्या मोठ्या बहिणीसारखं. वेंडीला आधी ते आपल्याच हाताने गिऱ्हाइकाला जिंकवल्यासारखं वाटलं. अरुणाने तिला फळ्यावर मांडून दाखवलं. तक्त्याप्रमाणे खेळणारा जिंकत नाही, फक्त हळूहळू हरतो. हळूहळू हरणारा जास्त वेळ बसतो, आणि आपल्याला कोणी फसवलं नाही असं वाटून उद्या परत येतो.

हे तिने मला कौतुकाने सांगितलं. लोकांचं नुकसान कमी होईल ना, म्हणाली. मी म्हटलं, "कमी नाही गं, लांबेल." तिने माझ्या पानात आणखी एक पोळी वाढली.

शब्दांसाठी तिने बाबांना फोन लावला. पान म्हणायचं की पत्ता, पिसणं की फेटणं, वाटणं की वाटप, अशा चौकशा. एरवी बाबांचा फोन म्हणजे दोन वाक्यं. बरी आहेस ना, जावई काय म्हणतात, तू कामात असशील, ठेवतो. आई गेल्यापासून ते एकटेच होते, पण तक्रार हा शब्द त्यांच्या तोंडी नव्हता. त्या पंधरवड्यात मात्र ते रोज अर्धा अर्धा तास बोलले. अड्ड्यावरच्या कोण कुठल्या मंडळींचे शब्द त्यांनी उकरून काढले. अरुणाने मागच्या खेपेला त्यांना व्हिडिओ कॉलसाठी एक टॅब दिला होता. काम झाल्यावर तिने त्यावर साइटचा दुवा पाठवला आणि सांगितलं, फुकटच्या टेबलावर बसून एकदा शब्द कानावरून जाऊ द्या. त्यांनी ऐकलं, दोन चुका काढल्या, बाकी झकास म्हणाले. काम संपलं आणि फोन पुन्हा दोन वाक्यांवर आले.

पडद्यावर साडी नेसलेल्या एका हसऱ्या बाईचं चित्र होतं, तिचं नाव ताई. आवाज अरुणाचा. सल्ल्याचं बटण दाबलं की ताई सांगायची, "सोळा आहेत, समोर दश्शी दिसतेय. मन घट्ट करा आणि पान घ्या." मधूनच विचारायची, जेवण झालं का, चहा झाला का. आणि उठण्याचं बटण दाबलं की दातारांच्या घरची रीत सुरू व्हायची. इंग्रजी आवृत्तीत 'नक्की?' असं एकदाच विचारत. अरुणाने तीनदा विचारलं. पहिल्यांदा, "एवढ्यात उठलात?" दुसऱ्यांदा, "बसा हो जरा, काय घाई आहे." तिसऱ्यांदा जरा हळू आवाजात, "माझ्यासाठी एक डाव."

मला तिने हे ऐकवलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मी, जिला आग्रहाचा तिटकारा, तीसुद्धा क्षणभर थांबले असते. आपली माणसं यंत्रालाही तीनदा नाही म्हणू शकत नाहीत, हे अरुणाला बरोबर कळलं होतं. आकडे चढायला लागले. वेंडीने तिला जेवायला नेलं. रवींद्र पहिल्यांदाच मोकळा हसला, आणि इरा म्हणाली, "सो वी आर स्टेइंग, राइट?"

जूनमध्ये शेजारच्या देशातल्या जंगलांचा धूर सिंगापूरवर येऊन बसला. ते दिवस इथे राहिलेल्या कोणालाच विसरता येणार नाहीत. समोरचा ब्लॉक दिसेना, मास्क मिळेनात, जो तो खोकतोय. नेमकं त्याच आठवड्यात अरुणाला काही नव्या ओळी ध्वनिमुद्रित करायच्या होत्या. घसा पार बसला होता, पण तारीख हलणार नव्हती. कपाटाएवढ्या त्या खोलीत उभं राहून तिने घोगऱ्या आवाजात ताईच्या ओळी म्हटल्या आणि त्या तशाच साइटवर गेल्या.

धूर ओसरल्यावर वेंडीने सगळ्यांना बैठकीला बोलावलं. मराठी टेबलावरचा सगळ्यात टिकाऊ खेळाडू तिने शोधून काढला होता. हा गडी हिंदुस्थानच्या वेळेप्रमाणे रोज चारला बसतो आणि दिवेलागणीपर्यंत हलत नाही. त्याचे डाव तिने पडद्यावर लावले. सगळे हसायला लागले. कारण वीस भरलेले असतानाही तो सल्ल्याचं बटण दाबायचा. एकवीस भरलेले असतानाही दाबायचा. ताई म्हणायची, एकवीस झाले, आता काही करू नका, आणि तो काही करायचा नाही. आठाची जोडी मात्र ताईने कितीही सांगितलं तरी फोडायचा नाही. दर दोन डावांनी उठण्याचं बटण दाबायचा, तिन्ही वेळा ताईला बोलू द्यायचा आणि मग पुन्हा बसायचा. फुकटचं टेबल त्याने कधीच मागे टाकलं होतं, आता खरे पैसे लागत होते, आणि ते सावकाश पण नेमाने जात होते. वेंडी इथल्या बोलीच्या ढंगात म्हणाली, "असे शंभर मिळाले ना, की आपण जिंकलो लाह." अरुणाही हसली. एकवीसवर सल्ला मागणारा मूर्ख तिनेही पाहिला नव्हता.

त्या संध्याकाळी घरी येताना तिने बसमधून बाबांना फोन केला. गेला आठवडाभर जमलंच नव्हतं. बाबांनी विचारलं, "घसा सुटला का गं? आज जरा बरा वाटतोय."

अरुणा म्हणाली हो, सुटला. फोन ठेवला. आणि मग तिच्या लक्षात आलं की घसा बसल्याचं तिने बाबांना सांगितलंच नव्हतं. आठवडाभर त्यांच्याशी ती बोललीच नव्हती. बस आमचा थांबा सोडून पुढे गेली तरी ती तशीच बसून राहिली.

मला तिने हे सांगितलं ते पुलाउ उबीन बेटावर. शनिवारी आम्ही कधीमधी तिकडे सायकली चालवायला जायचो, बंबोटीने, म्हणजे छोट्या लाकडी होडीने, जेमतेम दहा मिनिटं. एका जुन्या कांपुंगातल्या, म्हणजे मलय खेड्यातल्या, घरासमोर सायकल टेकवून ती म्हणाली की ते बाबा आहेत. मी म्हटलं, जगात चारला बसणारे म्हातारे थोडे आहेत का. तेव्हा तिने जोडीचं सांगितलं. दातारांच्या घरी पत्त्यात आलेली जोडी फोडत नसत. आई गेल्यावर तर अड्ड्यावर कोणी जोडी मोडली की बाबा पानं खाली ठेवून उठून जायचे. आणि ताईला ते मूर्खासारखे सल्ले का विचारत होते, हे तर आता सांगायलाच नको होतं.

मी भडकले. आधी तिच्यावर, मग वेंडीवर, मग त्या म्हाताऱ्यावर. सरळ ऑफिसात सांग आणि खातं बंद करून टाक, असं मी म्हटलं. अरुणाने शांतपणे नियम सांगितला. नोकराच्या घरचा माणूस साइटवर खेळला, तर नोकर त्याच दिवशी घरी. खातं बंद करायचं तर ते कोणाचं हे तिला कसं माहीत, एवढं विचारलं की सगळं उघड. ओ लेव्हलला काही महिने उरले होते. आणि तिकडे बाबा आपली आयुष्यभराची शिल्लक तिच्या आवाजासमोर थोडी थोडी करून ठेवत होते. तिच्या तोंडाकडे पाहून माझा राग कुठल्या कुठे गेला.

रविवारी तिने त्यांना विचारलं. बाबांनी आधी उडवून लावलं, मग म्हणाले की खेळतो कधीमधी, पत्तेच आहेत, दारू नाही. तिने सांगितलं की ती नुसती मुद्रित केलेली वाक्यं आहेत, मशीन वाजवतं. बाबा म्हणाले, मी पोस्टात तार खटखटवलेला माणूस आहे, मला मशीन कळतं. मग उठत का नाही, असं तिने जरा आवाज चढवून विचारलं.

"तू तीनदा बस म्हणतेस," बाबा म्हणाले. "तीनदा म्हटल्यावर कसं उठणार गं?"

अरुणा म्हणाली की मी फोन करते ना. बाबा म्हणाले, "फोनवर तू घाईत असतेस. तिथे नसतेस." आणि तू कामात असशील म्हणून त्यांनी फोन ठेवला. रविवार होता.

पुढे जवळजवळ तीन महिने हा खेळ चालला. अरुणा रोज साडेसहाला, म्हणजे नाशिकच्या चारला, ऑफिसच्या जिन्यात उभी राहून फोन लावायची. बाबा दोन वाक्यं बोलायचे, ठेवायचे, आणि ती जागेवर येऊन पाहायची तर मराठी टेबलावर तो खेळाडू बसलेला. तिने रागावून पाहिलं, रडून पाहिलं. बाबा शपथ घेऊन कबूल करायचे की आजपासून बंद. मला वाटतं ते खरंच बटण दाबत असणार. आणि बटण दाबलं की ती पुन्हा तीनदा 'बसा' म्हणत असणार.

रवींद्रला तिने सांगितलं तेव्हा मी तिथेच होते. तो वाईट माणूस नाही. पण वर्षभर घरात बसून त्याचा धीर सुटला होता. परीक्षा होईपर्यंत तोंडात मूग धरून बस, असं तो म्हणाला. बाबांचं जे जाईल ते आपण पुढे भरून देऊ. आत इरा खोलीत फिजिक्स घोकत होती, तिच्या कानावर जाऊ नये म्हणून दोघं अगदी हळू भांडत होते. मला तिथे बसवेना. निघाले, तर त्या भांडणातही अरुणा दारापर्यंत आली आणि म्हणाली, थांब, चहा टाकते. मी म्हटलं, एकदा तरी माणसाला जाऊ देत जा. ती माझ्याकडे अशी पाहायला लागली की मी चपला घालायच्या थांबले.

सप्टेंबर आला. आकडे उत्तम होते, नूतनीकरणाचे कागद वेंडीच्या टेबलावर तयार होते. फक्त एक शेवटचं काम, असं ती म्हणाली. तीनदा आग्रह इतका चालतोय तर पाचदा करू या. चौथी आणि पाचवी ओळ लिही, म्हण, आणि शुक्रवारी चढवू. सही सोमवारी.

अरुणाने मला त्या दिवशी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं, मला आजही सांगता येत नाही. तिने इराला मात्र विचारलं, सकाळी, वेणी घालताना. आम्हाला जावं लागलं तर तू परीक्षेपुरती सविता मावशीकडे, म्हणजे माझ्याकडे, राहशील का? इराने आरशातून पाहिलं आणि म्हणाली, "इज इट अबाउट आजोबा?" घरात हळू भांडलेलं पोरांना सगळ्यात आधी ऐकू जातं. अरुणा हो म्हणाली. इरा म्हणाली, "देन गो लाह, आई." वेणी अर्धीच राहिली होती, ती तिने स्वतःच पुरी केली.

शुक्रवारी अरुणा त्या कपाटाएवढ्या खोलीत गेली. काचेपलीकडे ध्वनिमुद्रण करणारा मुलगा तमिळ, त्याला मराठीचा गंध नाही. ऑफिसभर कोणालाच नव्हता. तिने त्याला सांगितलं की नुसत्या दोन ओळी नाहीत, पहिल्या तीनही नव्याने म्हणायच्या आहेत, घसा आता सुटलाय. त्याने अंगठा दाखवला. ती बोलली. तो म्हणाला, छान, भाव आले. दुपारी ओळी साइटवर चढल्या.

तिथून निघाली ती थेट माझ्या दारात. वर रवींद्र होता, त्याला अजून काही माहीत नव्हतं. मी विचारलं काय म्हणालीस, तर तिने सांगितलं. मी हिशेबी बाई, मला पहिल्यांदा सोमवारची सही दिसली. आठवडा जाऊ दे, आकडे कोसळले की वेंडी कोणालातरी बोलावून भाषांतर करून घेईल, हे आम्हां दोघींनाही ठाऊक होतं. आणि झालंही तसंच. सही झाली होती, पण ती आठ दिवसही टिकली नाही. वेंडीने विचारलं तेव्हा अरुणाने दुसऱ्या कोणाची वाट न पाहता स्वतःच शब्द न् शब्द इंग्रजीत करून सांगितला, आणि का तेही सांगितलं. वेंडीने पास रद्द करण्याचे कागद पुढे केले, आणि जाताना तिला मिठी मारली. परीक्षा तोंडावर आली म्हणून शाळेने खटपट करून इराला तेवढ्यापुरता विद्यार्थ्यांचा पास मिळवून दिला, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर ती माझ्या हॉलमध्ये अभ्यास करत होती.

पण त्या शुक्रवारी यातलं काही झालेलं नव्हतं. साडेसहा वाजले. अरुणाने फोन माझ्या जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि त्याच्यासमोर बसली. ती रोज फोन करायची, आज केला नाही. माझ्या मनात एकेक येत होतं. तो चिवट म्हातारा आज उठण्याचं बटणच दाबणार नाही. किंवा दाबेल, ऐकेल, आणि दुखावून कायमचा गप्प होईल. दातारांच्या घरी ऊठ म्हणणं हा केवढा अपमान, हे मला आता चांगलं कळलं होतं. खाली पोरं सायकली फिरवत होती. मी दिवा लावायला उठले तर अरुणाने माझा हात धरून ठेवला. सातही वाजून गेले.

मग फोन वाजला. तिने तो स्पीकरवर टाकला.

मग बाबा म्हणाले, "तीनदा म्हणालीस."

"हो," अरुणा म्हणाली.

मला त्या ओळी माहीत होत्या, म्हणून ते काय ऐकून आले असतील ते कळत होतं. बटण दाबल्यावर आज ताईने 'एवढ्यात उठलात?' म्हटलं नव्हतं. ती म्हणाली होती, उठलात ते बरं केलंत. मग म्हणाली होती, उठा आता, चहाची वेळ झाली. आणि तिसऱ्यांदा, हळू आवाजात, माझ्यासाठी उठा, बाबा. त्यापुढे चौथी आणि पाचवी ओळ नव्हतीच, नुसती शांतता होती. त्या संध्याकाळी ठाण्यात, सांगलीत, कुठे कुठे बसलेल्या अनोळखी माणसांना एका बाईने बाबा म्हणून उठवलं होतं. किती जण उठले कोण जाणे.

"उठलो गं," बाबा म्हणाले. आवाज फार थकलेला होता. "आता काय करू, ते सांगितलं नाहीस." आणि ती काही बोलायच्या आत नेहमीचं सुरू झालं, बरं, तू कामात असशील, ठेवतो.

अरुणाने डोळे मिटले. "एवढ्यात?" ती म्हणाली.

"नाही, म्हटलं बिल चढतं उगाच."

"बसा हो जरा. काय घाई आहे."

मला ठाऊक होतं, आता तिसऱ्यांदा विचारायचं आणि तिसऱ्यांदा जे म्हणतील ते खरं.

"बाबा, माझ्यासाठी," अरुणा म्हणाली.

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. बाबा बसले. मग त्यांनी विचारलं की इराची परीक्षा कधी आहे, आणि अरुणा अगदी पहिल्यापासून सांगायला लागली. मी आत जाऊन चहा टाकला. तो निवला, मी पुन्हा गरम केला, तरी त्यांचं बोलणं संपलेलं नव्हतं.